उकिरड्यावरचे सेल आणि कपाटातले फोन

गटाच्या बैठकीत आम्ही हा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा बाया हसल्या. कर्जाचा हप्ता, बँकेचा फॉर्म, हळदीचा भाव हे सोडून हे सेलाचं काय काढलं, असं त्यांचं म्हणणं. मग आम्ही प्रत्येकीला एवढंच विचारलं की तुमच्या घरात या घडीला सेल कुठं कुठं आहेत ते मोजून सांगा. भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीचा रिमोट, लेकरांची गाडी, वजनकाटा, आखाड्यावरची बॅटरी. मोजता मोजता हाताची बोटं पुरेनात.

आपल्याकडं बॅटरी म्हटलं की हातात धरायची उजेडाची, आणि तिच्यात घालतो ते सेल. शेतीची वीज आळीपाळीनं रात्रीची येते, म्हणून मोटार चालू करायला अंधारात वावरात जावं लागतं आणि बॅटरीशिवाय कुणी जात नाही. शिवाय आता फवारणीचा चार्जिंगचा पंप आला, रानडुकरं अन् रोही अडवायला झटका मशीन आलं. त्यांच्याही पोटात बॅटरीच. आणि मोबाईल तर घरटी दोन-तीन. हे सगळं विकत आणताना आपण दुकानदाराशी घासाघीस करतो. संपल्यावर त्याचं काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

होतं काय, तर ते उकिरड्यावर जातं. झाडलोट, शेण, राख, भाजीची देठं आणि त्यातच सेल. चैत्र-वैशाखात तेच खत गाडीत भरून वावरात पसरायचं. म्हणजे घरातला सेल वर्षभरात हळदीच्या सऱ्यांत पोचतो. निंदताना किंवा हळद काढताना हाताला गंजलेलं पत्र्याचं टोपण लागतं, ते बहुतेक आपल्याच घरातलं असतं. पुण्या-मुंबईच्या बाईचा सेल कचऱ्याच्या गाडीत जातो आणि तिच्या नजरेआड होतो. आपला सेल आपल्याच वावरात येतो. म्हणून हा विषय शहरापेक्षा आपल्याला जास्त जवळचा आहे, असं आम्हाला वाटतं.

आता सेलाच्या आत काय असतं ते सांगतो. लहानपणी आपल्यापैकी कित्येकींनी दगडानं सेल फोडून पाहिला असेल. बाहेरचा डबा जस्ताचा असतो. मधोमध काळी कांडी, ती कार्बनची. भोवती जो काळा मसाला असतो, त्यात मँगनीजचं संयुग आणि कोळशाची पूड असते. आणि ओलसर असतं ते जुन्या पद्धतीच्या सेलात नवसागराचं पाणी. हो, कल्हईवाला भांड्याला कल्हई करताना वापरतो तोच नवसागर. आताच्या बऱ्याच सेलांत त्याच्या जागी जस्ताचा क्षार असतो. सेल चालतो तेव्हा जस्ताचा डबा आतून हळूहळू खाल्ला जातो. पूर्ण खाल्ला गेला की भोक पडतं आणि पाणी बाहेर येतं. संपलेला सेल बॅटरीत तसाच राहिला तर स्प्रिंगा हिरव्या-पांढऱ्या होऊन जातात, त्याचं कारण हे. यातलं मँगनीज तर आपल्याच राज्यात निघतं. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीवर सेलांना लागणारं मँगनीजचं संयुग तयार करण्याचा कारखानाही आहे. जमिनीखालून खणून काढलेली वस्तू आपण दोन महिने वापरून उकिरड्यावर टाकतो.

मग हे विष आहे का? काही कार्यक्रमांत सांगतात की एका सेलानं अख्खी विहीर नासते वगैरे. असं घाबरवून सांगणं आम्हाला पटत नाही. जस्त तर पिकालाही थोडं लागतं, झिंक सल्फेट आपण पैसे देऊन आणतो. साध्या पेन्सिल सेलानं लगेच कुणी आजारी पडत नाही. पण ‘थोडं’ हा शब्द महत्त्वाचा. अख्ख्या गावाचे सेल वर्षानुवर्षं ठरावीक जागी कुजत राहिले तर ते थोडं राहत नाही. दुसरी गोष्ट, सगळे सेल साधे नसतात. पूर्वी सेलांत पारा आणि कॅडमियम घालत, हे दोन्ही धातू माणसाच्या मूत्रपिंडाला आणि मज्जातंतूंना वाईट. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी त्यांच्यावर कडक मर्यादा घातली. बॅटरीच्या वजनाच्या ०.०००५ टक्क्यांहून जास्त पारा चालत नाही. पण जत्रेतल्या स्वस्त खेळण्यात बिननावाचा सेल येतो, त्याच्या पोटात काय आहे हे वरून कळायला मार्ग नाही. आणि उकिरडा पेटवला तर बंद डब्याचा सेल तापून फुटतो, डोळ्याला इजा होऊ शकते. लेकरं शेकायला जवळ बसलेली असतात, हे विसरू नका.

एक प्रश्न हमखास येतो. सेल संपला की उन्हात ठेवतात आणि तो परत थोडा चालतो, हे कसं? सेल भरत नाही. आतली रासायनिक क्रिया थंडपणानं आणि आतल्या बदलांनी मंदावलेली असते, उबेनं ती थोडी वेग घेते, एवढंच. साध्या सेलाला यानं फारसं बिघडत नाही, फक्त पाणी लवकर फुटतं. मात्र मोबाईलची बॅटरी चुकूनही उन्हात ठेवायची नाही.

आता जे खरोखर धोक्याचे आहेत त्यांच्याकडं येऊ. पहिला, बटणासारखा चपटा सेल. घड्याळात, लुकलुकणाऱ्या चपलेत, गाणं वाजवणाऱ्या खेळण्यात, ताप मोजायच्या यंत्रात आणि आता दिवाळीच्या विजेच्या पणत्यांतही तो असतो. रांगतं लेकरू तो तोंडात घालतं. तो अन्ननलिकेत अडकला तर ओल्या जागी वीज वाहू लागते आणि आतली कातडी भाजते. दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. लेकरू बाहेरून ठीक दिसतं, थोडी लाळ गळते, खात नाही, आई म्हणते दात येत असतील. म्हणून पणतीतला सेल हरवला आणि लेकरू जवळ खेळत होतं, एवढी शंका आली तरी पुरे. केळं किंवा भाताचा घास खाऊ घालून तो खाली ढकलायला बघू नका, उलटी काढू नका. १०८ ला फोन करा किंवा जी गाडी मिळेल तिनं एक्स-रे असलेल्या दवाखान्यात न्या, आणि जाताच ‘सेल गिळला असेल’ हे शब्द सांगा. नाही सांगितलं तर डॉक्टर आधी पोटदुखीचं औषध देत बसतील. तसाच दुसरा सेल घरात असेल तर सोबत न्या, त्यावरचा आकडा पाहून डॉक्टरांना मदत होते.

दुसरी, मोबाईलची बॅटरी. ती लिथियमची. तिच्यात तांब्याचे आणि ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, ग्रॅफाइट, बहुतेकदा कोबाल्ट, आणि पेट घेणारं द्रावण असतं. दोन थरांमध्ये एक तलम पडदा असतो. तो फाटला की आतल्या आत ठिणगी पडते. बॅटरी फुगली, फोनचं मागचं झाकण उचललं गेलं, तर समजायचं आत वायू झाला. असा फोन चार्जिंगला लावायचा नाही, उशाशी ठेवायचा नाही, वर दाबून झाकण बसवायचं नाही, सुई टोचून हवा काढायची तर मुळीच नाही. फोन बंद करून पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा. डबा घराबाहेर, सोयाबीनच्या कुटारापासून आणि कापसापासून लांब. धूर निघायला लागला तर चार्जरचं बटण बंद करून लेकरांना घेऊन बाहेर व्हा, तो धूर विषारी असतो.

तिसरी, ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची, बहुतेक फवारणी पंपांची. ती शिशाची असते. शिसं लेकरांच्या मेंदूला घातक, त्याचं थोडंसुद्धा प्रमाण चांगलं नाही. पण गंमत बघा, ही बॅटरी उकिरड्यावर कधी दिसत नाही. नवी घेताना जुनी परत दिली की दुकानदार पैसे कमी करतो. तसा नियमच आपल्याकडं २००१ पासून आहे. शिशाला भाव आहे म्हणून ते परत जातं, पेन्सिल सेलाला भाव नाही म्हणून तो पडून राहतो. पुढचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे. फक्त एक लक्षात ठेवा, जुनी बॅटरी घरी उघडून तिचं ॲसिड नालीत ओतून नुसतं शिसं विकायला नेऊ नका.

आता कपाटातले फोन. बटणाचा पहिला फोन, मग भावानं दिलेला, मग काच फुटलेला. टाकवत नाहीत, कारण पैसे मोजलेले असतात आणि आत लेकरांचे फोटो असतात. शिवाय फोनमध्ये सोनं असतं हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते खरं आहे, पण किती? बॅटरी काढलेल्या एक टन फोनांतून साधारण ३०० ग्रॅम सोनं निघतं असं मानतात. एक टन म्हणजे दहा हजारांच्या आसपास फोन. म्हणजे तुमच्या एका फोनात अगदी थोडंसंच. पण एकत्र केलं तर खाणीतल्या एक टन मातीपेक्षा ते कितीतरी जास्त आहे, कारण खाणीच्या मातीत ते टनाला काही ग्रॅमच असतं. सराफाच्या दुकानासमोरची धूळ झाडून नेणारे झारेकरी आपण पाहिलेत. हा धंदा तोच आहे, फक्त धूळ पुरेशी जमायला हवी. जपाननं टोकियो ऑलिम्पिकसाठी २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षं घराघरांतून जुनी उपकरणं गोळा केली. त्यात ६२ लाखांवर मोबाईल होते. त्यातून ३२ किलो सोनं निघालं आणि सुमारे ५,००० पदकांचा सगळा धातू त्यातूनच उभा राहिला.

हेच काम चुकीच्या हातांनी झालं की काय होतं, हे उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला दिसलं. तिथं रामगंगा नदीच्या काठी बायका-पोरं घराघरांत फोनचे आणि संगणकांचे हिरवे पत्रे जाळत, राख नदीच्या पाण्यात धूत आणि तांबं वेचत. धूर त्यांच्या छातीत आणि काळं पाणी नदीत. भंगारवाल्याला दिलेली वस्तू शेवटी कुठं जाते हे आपल्याला दिसत नाही, पण ती अशा ठिकाणी जाऊ शकते.

फोनच्या बाबतीत बायांना सावध करायची आणखी एक गोष्ट आहे. ‘जुने फुटके मोबाईल द्या, टब घ्या’ अशी हाळी देत मोटारसायकलवर माणसं गावोगाव फिरतात. बंद फोनाला प्लास्टिकचा टब मिळाला की आपल्याला सौदा बरा वाटतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या तेलंगणात रामगुंडमच्या सायबर पोलिसांनी बिहारच्या तिघांना धरलं, त्यांच्याकडं पोत्यांत भरलेले सुमारे ४,००० जुने फोन सापडले. खेड्यांतून अशाच अदलाबदलीत घेतलेले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे ते दुरुस्त करून फोनवरून फसवणूक करणाऱ्या टोळ्यांना पुरवायचे होते. प्रत्येक फिरणारा माणूस चोर असतो असं आमचं म्हणणं नाही, पोटासाठी फिरणारेच जास्त. पण प्रत्येक फोनाला स्वतःचा एक १५ आकडी क्रमांक असतो. तो फोन गुन्ह्यात वापरला गेला तर तपासाचा धागा आधी त्याच्या जुन्या मालकिणीच्या दारात येऊ शकतो.

म्हणून फोन कुणालाही देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. फोन चालू होत असेल तर फोटो दुसरीकडं उतरवा, पैसे पाठवायच्या ॲपमधून बाहेर पडा, गुगलचं खातं काढा आणि सेटिंगमध्ये जाऊन फोन कंपनीतून आला तसा कोरा करा. बारावीला असलेली कुठलीही पोरगी हे पाच मिनिटांत करून देते. तिच्यासमोर बसून करून घ्या, फोन तिच्या हाती देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका. फोन चालूच होत नसेल तर तो फिरत्या माणसाला अजिबात देऊ नका, कारण आतला मजकूर तसाच असतो.

मग द्यायचा कुणाला? कायदा काय म्हणतो ते आधी ऐका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जी कंपनी वस्तू बाजारात आणते, तिनेच ती मोडीत निघाल्यावर तिच्या पुनर्वापराची जबाबदारी घ्यायची. २०२३-२४ साठी ६० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के, असं उद्दिष्ट ठरवून दिलं आहे. बॅटऱ्यांनाही असेच नियम आहेत. ऐकायला चांगलं आहे. पण २०१६ च्या नियमांत कंपनीनं माल गोळा करायची सोय उभी करावी यावर भर होता. आता नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याकडून प्रमाणपत्र विकत घेतलं की कंपनीचं उद्दिष्ट पूर्ण होतं. कारखान्याला माल जिथं ढिगानं मिळतो तिथूनच तो घेणार. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात आठ सेल घ्यायला गाडी कोण पाठवणार? जगातही चित्र वेगळं नाही. २०२२ साली जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, त्यातला फक्त २२.३ टक्के नीट गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे.

म्हणजे ढीग आपल्यालाच करावा लागेल. आणि ढीग करणं हे बचत गटाच्या बायांना शिकवायची गरज नाही. आठवड्याचे दहा रुपये एकटीचे काहीच नसतात, दहा जणींचे वर्षभराचे झाले की बँक दारात येते.

हे काम बायांनी करून दाखवलेलं आहे. पुण्यात १९९३ साली बाबा आढावांच्या पाठबळानं कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातल्या कितीतरी जणी ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पोट भरायला गेलेल्या कुटुंबांतल्या, म्हणजे आपल्याच. पुढं त्यांची ‘स्वच्छ’ नावाची सहकारी संस्था झाली आणि २००८ साली पुणे महापालिकेशी करार होऊन त्या हक्कानं दारोदार कचरा घेऊ लागल्या. घरातला ई-कचराही त्या वेगळा घेतात. उकिरडा उपसून भंगार शोधण्यापेक्षा दारातच वेगळं मिळालं तर हात कापत नाहीत आणि मालाला भावही बरा येतो, हे त्यांच्या अनुभवाचं आहे.

आपल्याला महापालिका नाही, पण ग्रामसंघ आहे. आम्ही गोरेगावच्या गटांपुढं जे ठेवलं आहे ते असं. प्रत्येक घरात झाकणाची एक प्लास्टिकची बरणी, लोणच्याची रिकामी चालेल, लेकरांचा हात पुरणार नाही अशा फळीवर. संपलेला सेल तिच्यात. बटणाच्या सेलाला आणि नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलाला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावल्याशिवाय बरणीत टाकायचा नाही, कारण टोकाला टोक लागून तो तापतो. पाणी फुटलेला सेल पिशवीनं धरायचा, हात धुवायचे. बचत भरायला येताना महिन्यातून एकदा बरणी आणायची आणि ग्रामसंघाच्या डब्यात रिकामी करायची. फोन वेगळ्या डब्यात, फुगलेल्या बॅटऱ्या वाळूच्या डब्यात. कुणाच्या किती वस्तू आल्या ते लिहायचं. वही आपल्याला नवी नाही, आणि आरोग्य तर आपल्या दशसूत्रीत आहेच.

माल बऱ्यापैकी जमला की तो कुणाला द्यायचा, हे ठरवताना घाई नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणी झालेल्या पुनर्वापर कारखान्यांची यादी असते. ती ग्रामपंचायतीच्या संगणकावर काढून घ्या. मोबाईल कंपन्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवरही जुने फोन घेण्याबद्दल विचारा, कंपनीचा फोन नंबर खोक्यातल्या पुस्तिकेत असतो. वाहतुकीचा खर्च हा खरा अडसर आहे, तो एका ग्रामसंघाला झेपणार नाही. त्यासाठी आम्ही दोन गोष्टी सुचवतो. एक, प्रभागसंघानं आजूबाजूच्या गावांचा माल एकत्र करून एकच फेरी करावी. दुसरी, सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. त्या सभेत सेल आणि फोन वेगळे गोळा करण्याचा आणि गाडीभाड्याचा ठराव मांडावा. ठराव तोंडी नको. इतिवृत्तात लिहून घ्या, खाली सह्या करा, आणि ग्रामपंचायतीकडून नक्कल मागा.

पैशाबद्दल उगीच आशा लावत नाही. साध्या सेलांचे पैसे येणार नाहीत. फोनांचे थोडे येतील, ते गाडीभाड्यात जातील. माल देताना कारखान्याच्या माणसाकडून नोंदणी क्रमांक असलेली पावती घ्यायची, त्यावर वजन आणि तारीख हवी. पावती द्यायला तो कुरकुरला तर माल परत आपल्या डब्यात. पावतीची एक प्रत ग्रामसंघाच्या फाईलला आणि एक ग्रामपंचायतीला द्या. येत्या बैठकीला येताना रिकामी बरणी आणि चिकटपट्टीचं रीळ सोबत आणा, पट्टी कशी लावायची ते तिथंच करून दाखवू.